एम्डेन ते कूट

पेरुंगुडीतून बोलतोय. इथे बिलंदर माणसाला आजही ‘एम्डेन’ म्हणतात. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री त्या जर्मन जहाजाने मद्रासला बर्मा ऑइलच्या टाक्या पेटवल्या. इराणातल्या अबादानच्या रिफायनरीमागेही याच कंपनीचा पैसा. ती राखायला नोव्हेंबरात आपली ६ वी पूना डिव्हिजन इराकात उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या.

महिनाभरात बसरा घेतलं, तेल सुरक्षित झालं. थांबायचं तिथेच! पण साहेबाला बगदाद दिसू लागलं. मग कूटचा वेढा, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० उपाशी माणसांनी शस्त्रं ठेवली. बसऱ्यापर्यंतची किंमत मी फौजी म्हणून मान्य करतो. पुढची नाही. कैदेत गेलेले कितीतरी जण सातारा-रत्नागिरीला परतलेच नाहीत.