तीन खिळ्यांचा क्रूस

14 नोव्हेंबर 1940 च्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरावर जर्मन विमानं आली आणि पहाटेपर्यंत येतच राहिली. पाचशेहून अधिक माणसं मेली. सेंट मायकेल कॅथीड्रलच्या छपरावर आगीचे बॉम्ब पडू लागले, तेव्हा तिथले मुख्य धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड आणि कॅथीड्रलचे पाथरवट जॉक फोर्ब्स वर चढून आग विझवत होते. शेवटी पाणी संपलं. सकाळी उभ्या होत्या त्या फक्त बाहेरच्या भिंती आणि उंच मनोरा.

राडारोड्यात फोर्ब्स यांना जळक्या तुळयांची दोन लाकडं एकमेकांवर आडवी पडलेली दिसली. त्यांनी ती तशीच बांधून उभी केली. त्या छपराची लाकडं मध्ययुगात ठोकलेल्या लांब खिळ्यांनी जोडलेली होती. लाकूड जळून गेलं आणि खिळे खाली पडले. त्यातले तीन उचलून आर्थर वेल्स या स्थानिक पाळकांनी त्यांचा एक छोटा क्रूस बनवला. खिळ्यांचा क्रूस म्हणून पुढे जगभर गेलेल्या वस्तूचं मूळ हेच.

त्याच वर्षी नाताळच्या दिवशी हॉवर्ड त्या पडक्या भिंतींमधून रेडिओवर बोलले. सूड मनातून काढून टाकण्याचा आपण प्रयत्न करतो आहोत, असं त्यांनी देशाला सांगितलं. हल्ल्याला तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते. घरोघरी दुःख ताजं होतं, युद्ध तर ऐन भरात होतं. म्हणूनच ‘प्रयत्न’ हा शब्द फार प्रामाणिक आहे. राग ओसरला, मग क्षमा केली, असा क्रम इथे नाही. क्षमेचा निर्णय आधी झाला, मन त्याच्यामागून हळूहळू यायचं होतं. ख्रिस्ती माणूस कृपा म्हणतो ती अशीच, माणसाच्या तयारीची वाट न पाहणारी.

1948 मध्ये हॉवर्ड यांनी जुन्या वेदीमागच्या भिंतीवर एक प्रार्थना कोरून घेतली. क्रुसावरच्या येशूने आपल्या मारेकऱ्यांसाठी बापाजवळ क्षमा मागितली, ती सर्वांना ठाऊक असलेली प्रार्थना. तिच्यातला ‘त्यांना’ हा शब्द तेवढा हॉवर्ड यांनी गाळला. हे गाळणं फार मोलाचं आहे. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यांत युद्धासाठी विमानं आणि इंजिनं बनत होती; ब्रिटिश विमानांनी जर्मन शहरं जाळली होती. ‘त्यांना’ हा शब्द गेल्यावर क्षमा मागणाऱ्यांत आपणही येतो. 1958 मध्ये कॅनन जोसेफ पूल यांनी याच धाग्यावर समेटाची प्रार्थनामाला रचली. द्वेष, लोभ, मत्सर, गर्व अशी पापं एकेक करून मांडायची आणि प्रत्येकानंतर तीच क्षमेची विनवणी. आजही शुक्रवारी दुपारी बाराला ती जुन्या भिंतींच्या आत म्हटली जाते.

खिळ्यांचे क्रूस मात्र त्याआधीच प्रवासाला निघाले होते. 1947 मध्ये एक कील शहरात पोहोचला. पुढे बर्लिन आणि ड्रेस्डेन इथेही क्रूस गेले. ही तिन्ही शहरं बॉम्बहल्ल्यांत होरपळलेली.

आकसाइतकीच शरमही माणसाला जखडून ठेवते, आणि ती जर्मनीत खोल होती. नाझी राजवटीला विरोध केलेले न्यायाधीश लोथार क्रायसिग यांनी 1958 मध्ये प्रायश्चित्त म्हणून सेवा करणारी संस्था काढली. तिचे तरुण 1961 मध्ये कॉव्हेंट्रीला आले आणि कॅथीड्रलच्या पडक्या खोल्या स्वतःच्या हातांनी बांधू लागले. अपराध आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीचा, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते तोंड लपवून घरी बसले नाहीत. आणि कॉव्हेंट्रीने त्यांना दार उघडलं, हे मला तितकंच मोठं वाटतं. 1965 मध्ये उलट फेरी झाली: ब्रिटिश तरुण ड्रेस्डेनला गेले आणि बॉम्बहल्ल्यात पडलेल्या तिथल्या एका ख्रिस्ती रुग्णालयाच्या उभारणीला लागले.

बेसिल स्पेन्स यांच्या आराखड्याचं नवं कॅथीड्रल 25 मे 1962 रोजी समर्पित झालं. जुनं पाडलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी आहेत. वेल्स यांनी बनवलेला मूळ क्रूस आता नव्या वेदीवरच्या मोठ्या क्रुसाच्या मध्यभागी बसवलेला आहे. त्याच्या प्रतिकृती जपणाऱ्या चर्चांचा, शाळांचा आणि संस्थांचा एक समुदाय 1974 पासून एकत्र काम करतो. त्यात जगभरचे दोनशेहून अधिक सदस्य आहेत, आणि त्यांतला मोठा वाटा जर्मनीचा आहे.