सुटलेली पायरी : कार्ब्युरेटर, थ्रॉटल बॉडी आणि मुंबईच्या जुन्या गाड्या

१/ २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात मुंबईतील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी या शहराची टॅक्सी राहिली नाही. तिच्या काळ्या-पिवळ्या रूपावर तेव्हा भरभरून लिहिले गेले. तिच्या इंजिनाला इंधन कसे मिळत होते आणि ती पद्धत शेवटपर्यंत का बदलली नाही, याचा इतिहास मात्र बॉनेटखालीच राहिला. #धागा #इतिहास

२/ कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे, आणि त्यावर बसवलेला कार्ब्युरेटर. त्याची युक्ती साधी आहे. आत ओढली जाणारी हवा एका अरुंद गळ्यातून जाते. तेथे तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि त्या घटलेल्या दाबामुळे जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल खेचले जाते. त्याला वीज लागत नाही, की हिशेब ठेवणारा मेंदू लागत नाही. मिश्रण जुळवायचे ते मिस्त्रीच्या कानाने आणि स्क्रू-ड्रायव्हरने.

३/ ही साधी रचनाच पुढे अडचणीची ठरली. तीन प्रकारचे विषारी वायू एकाच वेळी निष्प्रभ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो एका भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा (वजनाने) मिळाली तरच. थंडी, ऊन, घाट, जेटमध्ये अडकलेला कचरा, यांपैकी कशानेही कार्ब्युरेटरचे प्रमाण ढळते. धुराची तपासणी करून क्षणोक्षणी मिश्रण सुधारणारी व्यवस्था हवी होती. ऑक्सिजन सेन्सर आणि संगणकाची ती जोडी व्होल्वोने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत आणली.

४/ इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन त्याआधीच आले होते. बॉशची डी-जेट्रॉनिक यंत्रणा १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत बसली. पण प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर देणे महाग होते. त्यातून मधली वाट निघाली, ती थ्रॉटल बॉडी इंजेक्शनची. कार्ब्युरेटर काढायचा, त्याच जागी हवेचा पडदा असलेली थ्रॉटल बॉडी बसवायची आणि तिच्या तोंडाशी एक किंवा दोन इंजेक्टर ठेवायचे. जुनी इनटेक मॅनिफोल्ड बहुतांशी तशीच राहते. बदलतो तो पेट्रोल मोजण्याचा मार्ग.

५/ ही वाट निर्वेध नव्हती. १९८१ च्या क्रायस्लर इम्पीरियलमधील अशी इंजेक्शन व्यवस्था इतकी बेभरवशाची निघाली की कंपनीने अनेक ग्राहकांच्या गाड्यांत ती काढून पुन्हा कार्ब्युरेटर बसवून दिले. तरी जनरल मोटर्ससारख्या कंपन्यांनी ती पक्की केली आणि १९८० च्या दशकात अमेरिकेतील लाखो गाड्या या पायरीवरून पुढे गेल्या. तेथील मिस्त्रींनाही सेन्सर, पंपाचा दाब आणि वायरिंग यांची ओळख याच काळात झाली.

६/ या पायरीची आणि भारताची चुकामूक एका ओळखीच्या गाडीत दिसते. पोलिसांच्या आणि लष्कराच्या ताफ्यांतली मारुती जिप्सी ही सुझुकीच्याच जीपची भारतीय बहीण. तिची अमेरिकी बहीण सामुराई १९९० पासून १.३ लिटर इंजिन आणि थ्रॉटल बॉडी इंजेक्शनसह विकली गेली. भारतातील जिप्सी किंगला १९९६ मध्ये तेवढ्याच क्षमतेचे इंजिन मिळाले, पण कार्ब्युरेटरसह. इंजेक्शन आले ते २००० च्या सुमारास, आणि थेट प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टर असलेले.

७/ भारतात हा बदल कायद्याच्या धक्क्याने झाला. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेरहित पेट्रोल आले आणि नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. कार्ब्युरेटर मात्र राहिला. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरासाठी युरो-१ आणि युरो-२ मानकांच्या जवळच्या तारखा ठरवल्या. १ एप्रिल २००० पासून युरो-१ च्या तोडीचे निकष देशभर लागू झाले. त्याच सुमारास गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे झळकू लागली. त्यांचा पूर्ण अर्थ ठाऊक नसणाऱ्यांनाही ती प्रतिष्ठेची वाटत.

८/ हे सारे नव्या गाड्यांसाठी होते. रस्त्यावर आधीपासून असलेल्या हजारो गाड्यांचे काय? मुंबईत हा प्रश्न स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमच्या याचिकेने उच्च न्यायालयात नेला. डिसेंबर १९९९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने व्ही. एम. लाल समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींनंतरच्या आदेशांनी पंधरा वर्षांहून जुन्या टॅक्सींना सीएनजीसारख्या स्वच्छ इंधनाकडे वळणे किंवा रस्ता सोडणे भाग पाडले. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसमुळे हे इंधन शहरात मिळू लागले होते.

९/ जुन्या पद्मिनीत सीएनजी बसवताना कार्ब्युरेटर निघाला नाही. त्याच्या हवेच्या वाटेवर मिक्सर बसला, सुमारे २०० बार दाबाची टाकी डिकीत गेली आणि दाब उतरवणारा रेग्युलेटर इंजिनाजवळ आला. वायूही ओढला जाई तो हवेच्या त्याच खेचण्याने. म्हणजे इंधन बदलले, ते मोजण्याचे तत्त्व मात्र जुनेच राहिले. शहराला कमी धूर आणि चालकाला स्वस्त इंधन मिळाले; त्याच्या बदल्यात कीटचा खर्च, पंपावरच्या रांगा आणि प्रवाशांच्या सामानाची कमी झालेली जागा त्याच्या वाट्याला आली. ज्याचे पोट रोजच्या भाड्यावर, त्याला हा व्यवहार निवडण्याची फारशी मोकळीक नव्हती.

१०/ मोटार वाहन कायद्यातही हीच निवड उमटलेली आहे. कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपात बदल करण्यास मनाई करते. पण वेगळ्या इंधनावर गाडी चालावी म्हणून मान्यताप्राप्त कीट बसवण्याची सवलत त्याच कलमात आहे. तेच पेट्रोल अधिक नेमकेपणाने देणाऱ्या साधनासाठी अशी ठळक वाट नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत मनाजोगते फेरफार करण्यास मज्जाव करणारा अर्थ कायम केला.

११/ सुटलेली ती पायरी आता जुन्या गाडीच्या मालकासमोर उभी आहे. बोनकोडे हे कोपरखैरण्यातले गाव, ठाणे-बेलापूर रस्त्याजवळचे आणि १९७० च्या सिडकोपेक्षाही जुने. तेथे कोणी आज कार्ब्युरेटरची पद्मिनी किंवा जिप्सी सांभाळत असेल, तर त्याच्या टाकीत पडणारे पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे असते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने योग्य प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. जेटचे छिद्र ठरलेले, त्यामुळे कार्ब्युरेटरचे मिश्रण विरळ पडते. ऑक्सिजन सेन्सर असलेली थ्रॉटल बॉडी हा फरक स्वतः भरून काढते.

१२/ मात्र कार्ब्युरेटरच्या जागी बसणारे तयार कीट आणले की काम संपत नाही. जुना यांत्रिक पंप ०.२ ते ०.३ बार दाब देतो. जनरल मोटर्सच्या जुन्या थ्रॉटल बॉडीला एक बारच्या आत भागत असे. आजच्या अनेक कीटना सुमारे ४ बार लागतात. म्हणून विजेवर चालणारा पंप, दाब सोसणाऱ्या व इथेनॉलने न कुजणाऱ्या नळ्या, बारीक फिल्टर, बहुतेकदा टाकीकडे परतीची नळी, सायलेन्सरच्या नळीत सेन्सरसाठी जागा आणि स्थिर व्होल्टेज देणारा अल्टरनेटर, एवढे सारे लागते. कमी दाबासाठी घातलेली जुनी रबरी नळी तशीच ठेवणे म्हणजे तापलेल्या इंजिनावर पेट्रोल उडण्याला आमंत्रण.

१३/ आणि येथे जतनाचा प्रश्न येतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘विंटेज’ ठरते ती मूळ रूपात राखलेली असेल तरच. इंजिन, चासी किंवा बॉडीत मोठा फेरफार नको. १९७४ च्या पद्मिनी आता या उंबरठ्यावर आल्या आहेत. इंजेक्शन बसवले तर धूर कमी होईल, पण गाडीच्या मूळपणावर प्रश्न येईल. कार्ब्युरेटर ठेवला तर गाडी दस्तऐवज म्हणून टिकेल, पण आजच्या पेट्रोलवर कुरकुरेल. काही मालक इंजेक्शन बसवूनही मूळ कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड आणि पंप जपून ठेवतात, ते बदल पुढे उलटवता यावा म्हणून.

१४/ तंत्राचा इतिहास बहुधा नव्या शोधांच्या तारखांनी सांगितला जातो. मुंबईच्या टॅक्सीचा इतिहास सांगतो की एखादे तंत्र का आले नाही, हेही तितकेच बोलके असते. न्यायालयाची तारीख, गॅसची नळी, कायद्यातली एक सवलत आणि चालकाचा दिवसाचा हिशेब यांनी मिळून ठरवले की पद्मिनीचा कार्ब्युरेटर शेवटच्या दिवसापर्यंत जागेवर राहील. त्यामुळे गॅरेजमध्ये गंजत पडलेला पद्मिनीचा कार्ब्युरेटर कोणाला दिसला, तर तो भंगारात देण्यापूर्वी त्याच्या गळ्याशी बसवलेला मिक्सर जरूर पाहावा. शहराने घेतलेल्या त्या निर्णयाचा तो हाताला लागणारा पुरावा आहे.

(समाप्त)