दिनविशेष : २५ डिसेंबर
म्हाताऱ्या मुष्टियोद्ध्यांची राहिलेली लढत

२०१३ : पीटर सीगल दिग्दर्शित ‘ग्रज मॅच’ हा विनोदी चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. पिट्सबर्गचे दोन मुष्टियोद्धे, रेझर आणि किड. दोघांनी एकमेकांना एकेकदा हरवलेले. निर्णायक लढत मात्र राहून गेलेली. तीस वर्षांनी ते पुन्हा रिंगणात उतरतात.

खरी गंमत या दोन भूमिकांसाठी केलेल्या कलाकारांच्या निवडीत आहे; दोघांनीही पूर्वीच्या गाजलेल्या चित्रपटांत मुष्टियोद्धेच रंगवले होते. ‘रॉकी’ (१९७६) गाजवणारा सिल्व्हेस्टर स्टॅलोन तेव्हा ६७ वर्षांचा होता, तर ‘रेजिंग बुल’साठी (१९८०) ऑस्कर मिळवणारा रॉबर्ट डी नीरो ७० वर्षांचा. टांगलेल्या मांसावर ठोसे मारण्याचा सराव ही ‘रॉकी’ची ओळख. इथे स्टॅलोन खाटकाच्या दुकानात तसाच सरसावतो आणि ॲलन आर्किनने रंगवलेला म्हातारा प्रशिक्षक त्याला थांबवतो. वयाची थट्टा आहे, पण त्यात हिणवणे नाही. थकलेल्या शरीराची जिद्द स्टॅलोन आणि डी नीरो मनापासून दाखवतात, म्हणून पटकथा ढोबळ असूनही चित्रपट आवडतो.

पुढे वयस्कर मुष्टियोद्ध्यांचे असे रिंगणात परतणे प्रत्यक्षातही घडले. २८ नोव्हेंबर २०२० रोजी ५४ वर्षांचा माइक टायसन ५१ वर्षांच्या रॉय जोन्स ज्युनियरविरुद्ध लॉस एंजेलिसमध्ये प्रदर्शनीय सामना खेळला. तो बरोबरीत सुटला.