वनोपज-प्रमाणीकरण आणि भारतीय निर्यातदार : शिसवाच्या व्यापाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

उष्णकटिबंधीय लाकडावर विशेष चिन्हांकन सक्तीचे करणारा कायदा ऑस्ट्रियाने १९९२ मध्ये केला. आग्नेय आशियाई देशांच्या विरोधामुळे पुढील वर्षी ही सक्ती मागे घ्यावी लागली. १९९३ मध्येच फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल स्थापन होऊन ऐच्छिक प्रमाणीकरणाचा पर्याय पुढे आला. नंतर अमेरिकेने २००८ मध्ये लेसी कायद्यात केलेली दुरुस्ती आणि युरोपीय संघाचे २०१३ पासूनचे लाकूड-नियमन यांमुळे वैधतेचा पुरावा ही व्यापाराची पूर्वअट झाली.

शिसवाचे उदाहरण

'साइट्स' कराराच्या परिशिष्ट २ मध्ये २ जानेवारी २०१७ पासून शिसवाची संपूर्ण प्रजाती समाविष्ट झाली. तयार वस्तूतील लाकूड नेमके कोणत्या जातीचे, हे ओळखणे कठीण, हे त्यामागील एक कारण होते. परिणामी रानातील दुर्मीळ शिसवाबरोबर उत्तर भारतात शेतबांधावर विपुल वाढणारा शीशमही नियंत्रणाखाली आला. सीबीडी बेलापूर येथे पश्चिम विभागीय कार्यालय असलेल्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोसारख्या यंत्रणांचा संबंध आता हस्तकलेच्या मालाशीही आला. हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेने लाकडाच्या वैध उगमाच्या पडताळणीसाठी 'वृक्ष' ही व्यवस्था उभारली. तरीही शासकीय माहितीनुसार सुमारे १,००० कोटी रुपयांची वार्षिक निर्यात ५०० ते ६०० कोटींवर घसरली आणि सुमारे ५०,००० कारागिरांच्या उपजीविकेस झळ पोहोचली.

शीशम वगळण्याचा भारतासह चार देशांचा प्रस्ताव २०१९ मध्ये फेटाळला गेला. प्रत्येक पाठवणीत १० किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना मात्र सूट मिळाली. २०२२ च्या पनामा परिषदेत ही मर्यादा शीशमाच्या बाबतीत पाठवणीऐवजी प्रत्येक वस्तूस लागू असल्याचे स्पष्ट झाले. वजनात केवळ लाकूड धरावयाचे ठरले.

निष्कर्ष

या काळात शीशमाचे झाड बदलले नव्हते; बदलली ती वजन मोजण्याची रीत. पुरावा जमविण्याचा खर्च मोठी पेढी अनेक पाठवणींवर विभागू शकते. लहान निर्यातदारास तो एकाच पाठवणीत सोसावा लागतो. म्हणून प्रमाणीकरणाचे मूल्यमापन करताना वनसंरक्षणाच्या हेतूइतकाच पुराव्याचा भार कोणाच्या माथी पडतो, याचाही विचार होणे अगत्याचे ठरते.