सत्तावन साल आणि वर्तमानपत्रे

राजकीय घटना घडते एकदाच. परंतु लोकांच्या मनात ती कोणत्या रूपाने राहावयाची, हे पुष्कळदा ती प्रथम कोणी सांगितली यावर ठरते. वर्तमानपत्रे खोटेच छापतात, असे आमचे म्हणणे नाही. खऱ्या गोष्टींपैकी कोणती ठळक टाइपात द्यावयाची, कोणती कोपऱ्यात ढकलावयाची, कोणती आधी व कोणती मागाहून सांगावयाची, एवढ्यावरही वाचकाचे मत बनते. याचे उदाहरण म्हणून १८५७ सालची हकीकत आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

१० मे १८५७ रोजी मेरठ येथे शिपाई उठले व दुसऱ्या दिवशी दिल्लीत शिरले. या दोन्ही ठिकाणी युरोपियन स्त्रीपुरुषांची हत्या झाली, हे कोणी नाकारू नये. पुढे जून महिन्यात कर्नल नील याने अलाहाबाद व आसपासच्या मुलखात माणसे फासावर चढविली, गावे जाळली. त्यानंतर २७ जून रोजी कानपूरच्या सतीचौरा घाटावर इंग्रजांची कत्तल झाली आणि १५ जुलै रोजी बिबीघरात स्त्रिया व मुले मारली गेली. तेही अमानुष कृत्यच होय. परंतु इंग्लंडातील सामान्य वाचकाच्या मनात हा क्रम राहिला नाही. कानपूर हे कारण आणि इंग्रजांचा सूड हे त्याचे फळ, अशीच त्याची समजूत झाली. कानपूरची वार्ता घरोघरी पोहोचली. अलाहाबादचे फास मात्र ‘शासन’ या सौम्य नावाखाली झाकले गेले.

त्या काळीही शंका घेणारे लोक होते. कार्ल मार्क्स याने न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ पत्रात त्याच वर्षी दाखवून दिले की, दिल्ली व मेरठ येथील अत्याचारांचे एक गाजलेले वर्णन हजार मैलांहून अधिक दूर, बंगलोरास राहणाऱ्या एका पाद्र्याने लिहिलेले होते. लंडनच्या ‘टाइम्स’चा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल १८५८ च्या आरंभी हिंदुस्थानात आला. गाजत असलेल्या भीषण कथांपैकी अनेकींना पुरावा मिळत नाही, असे त्याला आढळले व ते त्याने लिहूनही ठेवले. परंतु तोवर इंग्लंडचे मत बनून गेले होते. मागाहून आलेले सत्य आधी पोहोचलेल्या वार्तेस क्वचितच गाठते.

इकडे हिंदी लोकांचे म्हणणे छापण्याची वाटच अरुंद करण्यात आली. १३ जून १८५७ च्या कायद्याने सरकारी परवान्यावाचून छापखाना चालविणे अशक्य झाले. इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर ‘देहली उर्दू अखबार’चे संपादक मौलवी मुहम्मद बाकर यांस सप्टेंबरात ठार करण्यात आले.

आमच्या मुंबईत मात्र एक निराळा प्रकार घडला. ‘बॉम्बे टाइम्स’चा संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट हा हिंदी लोकांविरुद्ध अत्यंत कडवट लिहीत असे. पत्राच्या हिंदी भागीदारांनी त्यास सूर बदलण्यास सांगितले. तो ऐकेना, तेव्हा त्यास दूर करून रॉबर्ट नाइट यास संपादक नेमण्यात आले. याच पत्राचे पुढे १८६१ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाले. पत्र कोणाच्या मालकीचे आहे, हा प्रश्न किती महत्त्वाचा असतो, ते यावरून दिसेल.

नावाचीही गोष्ट अशीच. राज्यकर्त्यांनी ‘म्यूटिनी’ म्हटले आणि आमच्या भाषेत ‘बंड’ हा शब्द रुळला. सावरकरांनी ‘स्वातंत्र्यसमर’ हे नाव दिले. त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये निघाला, परंतु प्रसिद्धीपूर्वीच त्याजवर बंदी आली होती. शतसांवत्सरिक वर्षी, १९५७ मध्ये, डॉ. रमेशचंद्र मजुमदार व डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांचे ग्रंथ निघाले. तेव्हाही या उठावास काय म्हणावे, यावर विद्वानांचे एकमत झाले नाही. एकाच घटनेची ही निरनिराळी नावे म्हणजे ती पाहण्याच्या निरनिराळ्या खिडक्याच होत.

मग सामान्य माणसाने काय करावे? वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेस गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. ते संपादक नव्हते, मुत्सद्दीही नव्हते. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी पाहिलेले लिहून ठेवले, आणि १९०७ साली ते ‘माझा प्रवास’ या नावाने छापून निघाले. झाशीत सामान्य रहिवाशांवर काय गुदरले, हे आज आपणांस कळते ते अशा लिखाणामुळे. वैद्यांनी विचारले नसते, तर ती साक्ष त्या भिक्षुकाबरोबरच लोपली असती.

आपल्या ज्ञातीतही चळवळी, दंगे, दुष्काळ व सत्याग्रह प्रत्यक्ष पाहिलेली वृद्ध मंडळी आहेत. वर्तमानपत्र वाचताना ही वार्ता कोणी पाहिली, कोणी छापली आणि कोणाचे म्हणणे गाळले, हे तीन प्रश्न प्रत्येकाने विचारावेत. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी जे पाहिले ते तारीखवार, भर न घालता, आजच लिहून घ्यावे, अशी आमची सर्व बंधुभगिनींस आग्रहाची विनंती आहे.