नाव, माणसे, वेळ : परदेशातल्या राखीव मेजाचा मराठी इतिहास

१/ परदेशी सहल ठरली की विमानाच्या तिकिटांपाठोपाठ आताशा आणखी एक आरक्षण होते : एखाद्या जगप्रसिद्ध स्थळावरच्या उपाहारगृहातील रात्रीच्या जेवणाचे. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरील 'ज्यूल व्हर्न' हे त्याचे ठळक उदाहरण. खुर्च्या मोजक्या आणि पाहुणे जगभरचे, म्हणून जागा आधीच धरून ठेवावी लागते. अर्जात मुख्यतः तीन गोष्टी विचारतात : नाव, माणसे किती आणि वेळ कोणती. त्या अर्जात जे विचारले जात नाही, त्याचा इतिहास आजच्या धाग्यात पाहू.

२/ जेवायला बसण्याची आपली जुनी रीत पंगतीची. पंगतीतली जागा विकत मिळत नसे. तिला आमंत्रण लागे. कोणी रांधले, कोण वाढणार, शेजारच्या पाटावर कोण, हे सारे जातीने आधीच ठरलेले असे. यालाच रोटीव्यवहार म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये रुजलेल्या 'रेस्तराँ'ची रीत याच्या उलट होती : स्वतंत्र मेज, पदार्थांची यादी, आपल्या सोयीची वेळ, आणि जो पैसे देईल तो पाहुणा. मराठी माणूस समुद्र ओलांडू लागला तेव्हा या दोन रीतींची गाठ पडली.

३/ समुद्रप्रवासाची गणना बौधायन धर्मसूत्रात पातकांमध्ये होते. पुढे जहाजाने जाऊन आलेल्या द्विजाचा स्वीकार करणे हे कलिवर्ज्यांत गेले. पण हा निषेध कोणासाठी होता, हे विसरून चालणार नाही. बेलापूरजवळच्या आमच्या दिवाळ्यासारख्या कोळीवाड्यात पाण्यावर जाणे हाच नित्याचा व्यवसाय. तिथे खाऱ्या पाण्याने कोणी बाटत नाही. खरी अडचण समुद्राची नव्हती, ताटाची होती. महिनोन्‌महिने परमुलखात राहून या माणसाने कोणाच्या हातचे खाल्ले असेल, ही ती शंका.

४/ पहिला मोठा प्रसंग १७८१ चा. पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू असताना राघोबादादांनी आपले वकील लंडनला धाडले : हनुमंतराव नावाचे ब्राह्मण, आणि त्यांच्यासोबत एक पारशी गृहस्थ व त्यांचा मुलगा. राजकारण फारसे साधले नाही, पण जेवणाचा प्रश्न रोज उभा राहिला. लंडनच्या कोणत्याही मेजावर बसणे हनुमंतरावांना शक्य नव्हते.

५/ हा पेच पार्लमेंटचे सदस्य एडमंड बर्क यांनी सोडवला. बीकन्सफील्ड येथील आपल्या घराच्या आवारात रोपे जपण्यासाठी बांधलेले काचघर त्यांनी या पाहुण्यांना मोकळे करून दिले. तिथे त्यांनी आपला स्वयंपाक आपल्या हातांनी करावा, आपले आचार पाळावेत. यजमानाने पाहुण्याला जेवायला बोलावण्याऐवजी चूल मांडायला जागा द्यावी, हाच इथे खरा आदर ठरला.

६/ तरीही परतल्यावर सुटका नव्हतीच. राघोबांच्या वकिलांना शुद्धीसाठी सोन्याची योनी घडवून तिच्यातून बाहेर काढावे लागले, अशी हकिकत फ्रान्सिस विल्फर्ड या लेखकाने नोंदवली आहे. जणू त्यांचा नव्याने जन्म झाला! परदेशात काय खाल्ले याचा हिशेब परदेशात कोणी मागत नव्हते. तो घरी मागितला जात होता.

७/ पुढच्या शतकात लंडनमध्ये हिंदी जेवणही विकत मिळू लागले. १८१० मध्ये पाटण्याकडच्या दीन महंमद यांनी पोर्टमन स्क्वेअरजवळ 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' उघडले. गिऱ्हाईक मुख्यतः हिंदुस्थानात राहून आलेले इंग्रज. १८१२ मध्ये मालकाचे दिवाळे निघाले. हिंदी चवीचे मेज होते. पण त्यावर सनातनी हिंदू बसणार नव्हता, कारण प्रश्न चवीचा नव्हताच.

८/ १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात त्यांनी सांगून टाकले, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. न्यू जर्सीत कार्पेंटर कुटुंबाने त्यांना मुलीसारखे सांभाळले. परक्या देशात शाकाहार निभावणे जड होते, पण त्यांनी तो निभावला. त्याच वर्षी इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी तर धर्मांतरानंतरही शाकाहार सोडला नाही. धर्म बदलला तरी ताट बदलले नाही.

९/ आता दोन सनावळ्या शेजारीशेजारी ठेवा. १८८९ मध्ये आयफेल मनोरा उभा राहिला आणि त्याच्या पहिल्या मजल्यावर चार उपाहारगृहे सुरू झाली. जगभरचे अनोळखी लोक तिथे पैसे मोजून एका छताखाली जेवत होते. पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली.

१०/ त्या मंडळींची नावे वर्तमानपत्रात छापून आणणारे गोपाळराव जोशी म्हणजे आनंदीबाईंचेच पती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ताचा वाद पेटला. अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले तेव्हा त्यांचे अनुयायीही हळहळले. पॅरिसमध्ये मेजावर नाव नोंदवणे ही प्रतिष्ठा होती. पुण्यात एका पेल्यापायी यादीत नाव येणे हा गुन्हा होता.

११/ इथवरची कथा 'मी कोणाकडे जेवू नये' एवढीच आहे. तिची दुसरी बाजू 'मला कोण जेवू देणार नाही' ही आहे. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, पुढे लंडनला. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून टाकली होती, असे त्यांनी नंतर लिहिले.

१२/ १९१७ मध्ये शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोद्याला नोकरीस आले, तेव्हा राहण्या-जेवण्याची सोय कुठे होईना. अखेर एका पारशी पथिकाश्रमात जागा मिळाली. मात्र तो पारशांसाठीच असल्याने नोंदवहीत पारशी नाव लिहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. परदेशात स्वतःच्या नावाने वावरलेल्या विद्वानाला स्वदेशात एका खोलीसाठी परके नाव घ्यावे लागले.

१३/ हनुमंतराव आणि आंबेडकर यांच्यामध्ये जवळजवळ १३६ वर्षे आहेत. एकाला परदेशातील सर्व मेजे खुली होती, पण घरच्या धाकाने तो काचघरात स्वतः रांधत राहिला. दुसऱ्याला परदेशाने माणूस म्हणून वागवले, तर घरच्यांनी दार लावले. दोघांच्याही वाट्याला आलेली बंदी एकाच व्यवस्थेची. ती एकाला उच्च म्हणून बांधत होती, दुसऱ्याला नीच म्हणून हाकलत होती.

१४/ आज चित्र पालटले आहे. स्वित्झर्लंडमध्ये ३,४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोख स्थानकात 'बॉलिवूड' नावाचे भारतीय उपाहारगृह आहे. मराठी सहल-कंपन्या भारतीय जेवणाचे आश्वासन आवर्जून देतात. घरच्या चवीची ओढ हा दोष मुळीच नव्हे. शुद्धीच्या भीतीने नेलेली चूल आणि आवडीने मागितलेला वरण-भात यांत तेवढेच अंतर आहे, जेवढे सक्ती आणि निवड यांत.

१५/ पण वर्तुळ अजून पुरे झालेले नाही. पॅरिसचे उपाहारगृह शाकाहारी की मांसाहारी हे विचारते ते पदार्थ ठरवण्यासाठी. मुंबईत भाड्याचे घर शोधताना हाच प्रश्न येतो तो माणूस ठरवण्यासाठी. मासळीवर जगणाऱ्या कोळीवाड्यातल्या तरुणाला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१६/ नाव, माणसे, वेळ. आडनावावरून काहीही न ताडता एवढ्या तीन उत्तरांवर जागा मिळणे ही वरवर क्षुल्लक सोय वाटते. मराठी समाजाने तिच्यासाठी काचघर, सोन्याची योनी, पंचहौदचा चहा आणि बडोद्याची नोंदवही एवढा रस्ता तुडवला आहे. परदेशात ती जागा आपण सहज राखून ठेवतो. आपल्या शहरात, आपल्या इमारतीत ती दुसऱ्यासाठी तितक्याच सहजपणे मोकळी ठेवणे बाकी आहे.