सहा महिन्यांत एक हजार रुपये

२४ सप्टेंबर २०१९, मंगळवार. विधानसभेची निवडणूक तीन दिवसांपूर्वी जाहीर झाली होती. त्यातच राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात ईडीने शरद पवार आणि अजित पवार यांच्यासह अनेकांवर गुन्हा दाखल केल्याची बातमी आली. आपण त्या बँकेवर कधी संचालकही नव्हतो, असे शरद पवारांनी सांगितले. पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनेही या प्रकरणात पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात दिला. गुन्ह्याच्या निषेधार्थ बुधवारी बारामती बंद होती. त्याच रात्री पाऊस असा कोसळला की नाझरे धरणातून कऱ्हेत पाणी सोडावे लागले आणि नदीकाठची हजारो माणसे रातोरात हलवावी लागली.

त्या गडबडीत मुंबईची एक बातमी आपल्याकडे मागे पडली. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी, त्याच मंगळवारी सकाळी लोकांसाठी बंद झाली होती. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या कारखान्यांना ऊस घालणाऱ्या आपल्या घरांत बिलाचा पैसा आला की तो सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत जातो. पावती ट्रंकेत, जमिनीच्या कागदांखाली, जपून ठेवली जाते. म्हणून ती बातमी आज तरी दिवस-तास लावून नीट वाचली पाहिजे.

अकरा वर्षे आधी

पीएमसी १९८४ साली मुंबईत शीवच्या एका शाखेतून सुरू झाली. २०१९ पर्यंत तिच्या १३७ शाखा झाल्या होत्या आणि ठेवी ११,६०० कोटींच्या पुढे गेल्या होत्या. एचडीआयएल या बांधकाम कंपनीच्या वाधवान कुटुंबाशी तिचे संबंध जुने होते. व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांनी पुढे रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या पत्राप्रमाणे, बँक अडचणीत असताना याच कुटुंबाने भांडवल आणि ठेवी आणून तिला हात दिला होता. अडीअडचणीला धावून आलेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे, हा पेच आपल्या गावच्या सोसायटीतही पाहायला मिळतो. फरक इतकाच की इथे परतफेड दुसऱ्यांच्या पैशांतून होत होती.

२००८ च्या सुमारास एचडीआयएलचे हप्ते थकू लागले. नियम साधा आहे. ९० दिवस हप्ता आला नाही की ते कर्ज अनुत्पादक म्हणून दाखवायचे आणि नफ्यातून त्यासाठी तरतूद करायची. सोसायटीचे पीककर्ज थकले की शेतकऱ्याचे नाव थकबाकीच्या यादीत लागायला वेळ लागत नाही. इथे मात्र हजारो कोटी थकले आणि यादीत नाव आले नाही. कर्ज चांगलेच दाखवले गेले आणि त्यावर आणखी कर्ज दिले गेले. बँकेचे अध्यक्ष वर्यम सिंग हे कधीकाळी एचडीआयएलच्या संचालक मंडळावर होते. ज्याने कर्जदाराला जाब विचारायचा, तोच कर्जदाराच्या घरचा होता.

दोन वर्षे आधी

इथे जरा थांबून बारकाईने पाहिले पाहिजे. २०१७ च्या सुमारास रिझर्व्ह बँकेने कर्जखात्यांची सविस्तर यादी मागायला सुरुवात केली. आता एचडीआयएलची ४४ खाती यादीत दिसणार होती. मग ती खाती काढून त्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती बसवण्यात आली. नावे वेगवेगळी, रकमा लहान. काही नावे तर मेलेल्या किंवा खाते केव्हाच बंद केलेल्या माणसांची होती, असे तपासात पुढे आले. ही खाती बँकेच्या संगणक प्रणालीत उघडलेलीच नव्हती. ती फक्त रिझर्व्ह बँकेला द्यायच्या यादीत होती.

तपासायला बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातात काय पडत असेल? पानामागून पान, ओळीमागून ओळ, लहान कर्जदाराचे नाव आणि समोर रक्कम. खाली बेरीज, आणि ती ताळेबंदाशी बरोबर जुळणारी. त्यांतले एखादे खाते संगणकावर उघडून पाहिले असते, एखाद्या कर्जदाराच्या दारात जाऊन कडी वाजवली असती, तर सगळे उघड झाले असते. तसे झाले नाही. बेरीज जुळली की काम संपले, ही तपासणीची सवयच या लबाडीच्या कामी आली. यात रिझर्व्ह बँकेचा आणि लेखापरीक्षकांचा दोष मला लहान वाटत नाही. पुढे काही लेखापरीक्षकांनाही अटक झाली.

मार्च २०१९ च्या वार्षिक अहवालात बँकेने ढोबळ अनुत्पादक कर्जे ३.७६ टक्के आणि नफा सुमारे १०० कोटी रुपये दाखवला. अहवाल वाचून ठेव ठेवणाऱ्या जागरूक माणसाचीही फसवणूकच झाली.

चौतीस दिवस आधी

२० ऑगस्ट २०१९. बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने एचडीआयएलवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. आता लपवण्यासारखे काही उरायला नको होते. तरीही तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार, बँक ऑफ इंडियाची बाकी भागवता यावी म्हणून पीएमसीने वाधवानांना आणखी ९६.५ कोटी रुपये दिले. बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी ठेवीदारांचा पैसा पुन्हा त्याच डोहात टाकला गेला.

सप्टेंबरचा मध्य

बँकेच्या कर्ज विभागातल्या काही महिला कर्मचाऱ्यांनी खरी माहिती रिझर्व्ह बँकेपर्यंत पोचवली, असे तेव्हाच्या बातम्यांतून पुढे आले. लेखापरीक्षण, तपासणी, संचालक मंडळ यांना अकरा वर्षांत जे जमले नाही, ते त्यांनी नोकरी पणाला लावून केले. या साऱ्या घटनाक्रमात मनापासून आदर वाटावा अशी ही एकच जागा आहे.

शनिवार, २१ सप्टेंबर

दुपारी निवडणूक आयोगाने महाराष्ट्राचे मतदान २१ ऑक्टोबरला जाहीर केले. इंदापुरात हर्षवर्धन पाटील दहा दिवसांपूर्वीच भाजपमध्ये गेले होते, त्यामुळे चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता.

याच तारखेच्या पत्रात जॉय थॉमस यांनी रिझर्व्ह बँकेला कबुली दिली. एचडीआयएल समूहाकडे सुमारे ६,५०० कोटी अडकले होते, म्हणजे बँकेच्या एकूण कर्जाच्या ७३ टक्के. एका कर्जदाराला बँकेच्या भांडवली निधीच्या १५ टक्के आणि एका समूहाला ४० टक्के, अशी तेव्हाची मर्यादा होती. ती भांडवली निधीची, आणि हे ७३ टक्के सगळ्या कर्जाचे. बँकेची बदनामी होईल म्हणून आपण हे लपवले, असे त्यांनी लिहिले.

तो महिन्याचा तिसरा शनिवार. बँका उघड्या होत्या. पीएमसीच्या खिडक्यांवरही लोक नेहमीसारखे पैसे भरत होते.

रविवार, २२ सप्टेंबर

सुट्टी. बँक कोसळल्याचे आता मोजक्या लोकांना ठाऊक होते. ज्यांचे पैसे होते ते त्यांत नव्हते.

सोमवार, २३ सप्टेंबर, सकाळी ८ ते संध्याकाळी ७

एनईएफटी तेव्हा चोवीस तास नव्हती. ती सोय डिसेंबरात आली. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत दर अर्ध्या तासाला एक गठ्ठा निघायचा. सोमवारी दिवसभर या गठ्ठ्यांतून लोकांचे पगार, भाडे, दुकानाची विक्री पीएमसीच्या खात्यांत जमा होत राहिली. हे थांबवा, असे त्यांना कोणी सांगू शकत नव्हते. सांगितले असते तर आतल्या गोटातल्यांनी आपले पैसे आधी काढले असते. बँक अचानक गोठवावी लागते, हे मला पटते. म्हणून तर ती वेळ येण्याआधीची तपासणी चोख हवी.

कामकाज संपताना बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५-अ खाली रिझर्व्ह बँकेचा आदेश लागू झाला. नवे कर्ज नाही, नवी ठेव नाही. आणि सहा महिन्यांसाठी प्रत्येक खात्यातून फक्त एक हजार रुपये. रोज नाही, महिन्याला नाही. सहा महिन्यांत मिळून एक हजार.

मंगळवार, २४ सप्टेंबर, सकाळ

ठेवीदारांच्या मोबाइलवर संदेश आला. आपण जबाबदारी घेतो, सहा महिन्यांच्या आत त्रुटी दूर करू, असा थॉमस यांचा मजकूर होता. भांडुपच्या मुख्यालयापासून शाखाशाखांपर्यंत शटरसमोर माणसे उभी राहिली. कोणाची शाळेची फी, कोणाचे ऑपरेशन, कोणाच्या मुलीचे लग्न. कित्येक गृहनिर्माण सोसायट्यांचा आणि पतसंस्थांचा निधीही याच बँकेत होता. रिझर्व्ह बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांच्या शंभर कोटींहून अधिक ठेवीसुद्धा त्यांत होत्या. ज्यांच्या संस्थेने बँक तपासायची, त्यांनाही ती सुरक्षित वाटली होती.

पुढचे तीन आठवडे

गुरुवारी २६ तारखेला, बारामतीत पुराचे पाणी अजून पुरते उतरले नव्हते तेव्हा, मर्यादा १० हजार झाली. ३० सप्टेंबरला आर्थिक गुन्हे शाखेने ४,३५५ कोटींच्या नुकसानीचा गुन्हा नोंदवला. ३ ऑक्टोबरला राकेश आणि सारंग वाधवान, ४ ला थॉमस, ५ ला वर्यम सिंग अटकेत गेले. ईडीने विमान, नौका, महागड्या गाड्या अशी मालमत्ता ताब्यात घेतली. पैसा कुठे गेला असावा, हे लोकांना तेव्हा दिसले. खटल्याचा निकाल न्यायालय देईल.

१४ ऑक्टोबरला मर्यादा ४० हजारांवर गेली. त्याच दिवशी, ठेवीदारांच्या निदर्शनात सामील होऊन घरी परतलेल्या एका ठेवीदाराचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. त्यांच्या कुटुंबाचे पैसे याच बँकेत अडकले होते.

त्यानंतर

ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. त्याच वर्षी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेला अधिक अधिकार मिळाले. २०२१ च्या दुरुस्तीने, बँक गोठली तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची असे ठरले. २५ जानेवारी २०२२ ला पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी आधी, त्यावरचे टप्प्याटप्प्याने, आणि मोठी ठेव असेल तर पूर्ण रक्कम दहा वर्षांनी.

आपल्याच पुणे जिल्ह्यात काय झाले तेही विसरू नये. १९१२ सालच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. पुण्याच्या शिवाजीराव भोसले सहकारी बँकेचा परवाना २०२१ मध्ये गेला.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला दोन गोष्टी सांगतो. पाच लाखांचा विमा बँकेतल्या ठेवीला आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. पावतीवर ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’, हे ट्रंक उघडून आजच पाहा. आणि सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. तिथे सभासद म्हणून हात वर करून विचारा: आपल्या संस्थेच्या सर्वांत मोठ्या दहा कर्जदारांकडे मिळून किती बाकी आहे, आणि त्यांतला कोणी संचालकांचा नातेवाईक किंवा भागीदार आहे का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.